प्रस्तुत संशोधक

“बाई, भर सभेत तुम्ही मला पोटुशी केलंत!”

पर्यवेक्षक निमकर सरांची ही आरोळी शाळेच्या जिन्यातून निघाली ती थेट लालबागच्या मसाला गल्लीत पोहोचली आणि मिरची कांडणारे डंक क्षणभर वरच्या वर थबकले, हे मी, चित्रकलेचा मास्तर, आजही शपथेवर सांगतो. परबबाई तेव्हा जिन्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. मिरचीच्या धुळीतून गाळलेलं चैत्राचं तांबूस, झोंबरं ऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं आणि त्या पदराच्या टोकाने बोटांवरचा खडू टिपत होत्या; एकेक बोट, वीणेच्या तारा पुसाव्यात तसं.

बाई मूळच्या कुडाळच्या, शिकवायच्या मराठी व्याकरण. आवाज मंद्र, पण तो वर्गात शिरला की छपरावरचे कावळेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून ओरडत. संतापाचं त्या लोणचं घालत: हलवायचं नाही, बरणीला दादरा बांधायचा आणि मुरू द्यायचं.

जुन्या शिक्षकांना दरवर्षी एक कृतिसंशोधन लिहून पर्यवेक्षकांकडे द्यावं लागे. आम्ही शीर्षक बदलायचो, मजकूर तोच. बाई मात्र खरोखर शोधत. मिरचीच्या मोसमात वर्गांच्या गल्लीकडच्या खिडक्या मिटतात, दिवे सगळे दाराकडे, आणि त्या काळोख्या रांगेतलीच मुलं दरवर्षी ‘ढ’ का ठरतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं न्याहाळलं. मुलांच्या जागा बदलल्या, तर ‘ढ’ म्हणवलेली पोरं धबधब्यासारखी वाचू लागली. निवृत्ती तोंडावर आलेली. साऱ्या नोकरीचा अर्क म्हणजे तेवढं एक संशोधन.

आणि वर वाट पाहत बसलेले निमकर सर. बाईंचं आधीचं संशोधन त्यांनी दादरच्या संमेलनात स्वतःचं म्हणून वाचून शाल मिळवली होती. सोपं होतं ते. रीतीप्रमाणे त्यात सगळीकडे ‘प्रस्तुत संशोधकाने निरीक्षण केले’. प्रस्तुत संशोधक म्हणजे न्हाव्याच्या दुकानातलं कापड, कोणाच्याही गळ्याला बसतं. बाईंनी तेव्हा बरणीला दादरा बांधला.

या खेपेला त्यांनी ‘मी’ लिहिलं. आरंभीची पानं निर्मळ, निरुपद्रवी: मी पाहिले, मी विचारले, मी नोंदवले. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याला पदराआड घेतं. बाई की बुवा, पत्ता लागू देत नाही. अकर्मकाला ती सोय नाही. सरांनी तेवढीच पानं चाळली आणि निर्धास्तपणे त्या वर्षीच्या संमेलनाच्या व्यासपीठावर चढले.

सरांचा स्वर मेघासारखा. वाचू लागले की अर्थाकडे पाहायची त्यांना सवड नसे. त्याच गंभीर नादात, भरल्या सभागृहात, त्यांनी वाचलं, “त्या वर्षी मी गरोदर होते, जिने झेपेनात, म्हणून गल्लीकडचा तळमजल्याचा वर्ग मागून घेतला.”

पंखेसुद्धा फिरायचे थांबले. मग गिरगावच्या एक वयस्क शिक्षिका उठल्या आणि अतिशय आदराने त्यांनी विचारलं, “सर, मुलगा झाला की मुलगी?”

त्या हास्याने सभागृहाचं छप्पर उडून शिवाजी पार्कात पडलं. अध्यक्षांनी कोरडेपणाने पृच्छा केली, हे लेखन कोणाचं. आणि ज्या ओठांनी बाईंचं नाव गिळलं होतं, त्याच ओठांना ते माईकवर ओकावं लागलं. मागच्या रांगेतल्या बाईंना पुढे बोलावलं गेलं आणि शालीने तिथल्या तिथे खांदा बदलला. सुडाला वास असतो म्हणतात. मला त्या दिवशी भाजलेल्या ब्याडगी मिरचीचा आला, आणि खोटं कशाला बोलू, मी तो छाती भरून घेतला.

आता बाई शाळेत नाहीत. चैत्र येतो, डंक घुमू लागतात, आणि खिडकीतलं ऊन खडूची बोटं शोधत रिकाम्या चौकटीवर रेंगाळतं. काळ प्रत्येकाचं भूतकाळी क्रियापद करून टाकतो. माणूस जातं, मागे उरतो तो एक प्रत्यय, आणि त्यावरूनच ओळख पटते, कोण होतं ते.

सरांच्या त्या आरोळीनंतर बाईंनी शेवटचं बोट सावकाश पुसलं होतं. मग म्हणाल्या होत्या, “‘असणे’ अकर्मक आहे, सर. माझा काय इलाज.”