रांगेतलं शेवटचं वाक्य

आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. आईचा चेहरा मात्र सांगत होता, की हा सौदा तिला करू दिला असता तर तिनं चांगली घासाघीस केली असती.

कारण बोलणं हा तिचा श्वास. आणि अशा बाईच्या पोटी जन्मली कोण, तर घुमी. खरं नाव कागदोपत्री, घरात घुमीच. चार शब्द लागतील तिथे ही दोन वापरायची, आणि तेही उसने आणल्यासारखे. मोठी झाल्यावर प्रोग्रामर झाली. "तोंड न उघडता पोट भरतं असा धंदा बरोबर हुडकला बयेनं," असं आई म्हणायची. म्हणायची, तेव्हा.

तर घुमीनं आईला आवाज करून द्यायचं ठरवलं. आई लॅपटॉपवर टाइप करणार, यंत्र बोलणार.

पहिला प्रयत्न.
प्रोग्राममध्ये दोन कामगार होते, म्हणजे थ्रेड. एक टाइप झालेलं आणून ठेवायचा, दुसरा उचलून आवाजाला द्यायचा. दोघं एकाच वेळी एकाच जागी हात घालायचे. आईनं लिहिलं, पाणी दे, दिवा बंद कर. यंत्र म्हणालं, दिवा दे, पाणी बंद कर. आई पोट धरून हसली. आवाज न करता.

दुसरा प्रयत्न.
मधे एक रांग. नवं वाक्य रांगेच्या शेपटाला लागणार, आवाज तोंडाकडून एकेक उचलणार, आणि एका वेळी एकाचाच हात आत जाणार. तोवर दुसऱ्यानं दाराबाहेर उभं राहायचं. घुमीच्या धंद्यात याला थ्रेड-सेफ क्यू म्हणतात. सरमिसळ थांबली. पण आई जन्मभर कचेरीत टायपिस्ट होती, तिची बोटं म्हणजे तुफान. आणि आवाज सावकाश, वाक्यावाक्याला दम खाणारा. इवलीशी रांग लगेच भरायची आणि कीबोर्ड अडायचा. "माझं तोंड दाबतेस?" आईनं लिहिलं. रांगेत जागा झाल्यावर ते ऐकू आलं.

तिसरा.
रांग भरली तर सगळ्यात जुनं वाक्य टाकून द्यायचं. आईनं प्लंबरला चांगला फैलावर घेतला, त्याच्या कानावर पडला फक्त शेवट: "बरं, या मग." गडी खूश होऊन गेला.

चौथा.
रांगेला मर्यादाच नाही. एकही वाक्य हरवणार नाही, एकही पुढेमागे होणार नाही. घुमीला आपल्या कामाचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

आणि मग मावशी आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एके काळी दोघींचा रोज सकाळी फोन व्हायचा, आणि तो झाल्याशिवाय दोन्ही घरांतला दिवस सुरू व्हायचा नाही. पण ऑपरेशनच्या वेळी मावशी दवाखान्यात फिरकली नाही. पुढे चार महिने ना फोन, ना निरोप. आज कशीबशी आली होती, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. आज रुसून गेली तर पुन्हा पायरी चढायची नाही, हे घुमीला स्वच्छ दिसत होतं. आणि आईला दुसरं होतं कोण? घुमीशी गप्पा मारणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान मान हलवत नाही.

"कशी आहेस ताई?" मावशीनं विचारलं.

आईची बोटं कीबोर्डवर पडली ती थांबेचनात.

यंत्र: आलीस? वाट चुकलीस वाटतं.

आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा, गोड आणि गार. मावशी दचकली. पिशवी मांडीवरच राहिली.

यंत्र: मेले की आहे, एवढं तरी विचारायचंस.

आई लिहीतच होती. चार महिन्यांचं साठलेलं. स्क्रीनवर रांग लांबत चालली होती.

"ताई, मी आले होते गं," मावशी एकदम म्हणाली. "ऑपरेशनच्या दिवशी. खालच्या लिफ्टपर्यंत. दार उघडलं, सगळे आत गेले, माझे पायच उचलेनात. वाटलं, तू मला बघून बोलायला जाशील आणि आवाज येणार नाही. ते मला झेपलं नसतं. मग त्या दिवशी नाही आले म्हणून दुसऱ्या दिवशी लाज वाटली. मग रोजच वाटायला लागली." आणि तिनं पदर, रुमाल काही न शोधता मनगटानंच डोळे पुसले.

आईची बोटं थांबली. ती बहिणीकडे बघत राहिली. मग तिनं हळूहळू, नवशिक्यासारखं एकेक अक्षर शोधत, दोन वाक्यं लिहिली. घुमीनं ती वाचली. ती वाक्यं रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली.

आणि त्यांच्या पुढे

यंत्र: तुझ्यापेक्षा त्या नर्सनं जास्त माया केली.

उभं होतं हे सगळं.

मावशीनं मान वर केली. "एवढं सांगूनही?"

यंत्र: लहानपणापासून तू अशीच. कामाची वेळ आली की पोटात दुखतं.

आईनं दोन्ही हात जोरजोरात हलवले, सापडेल ती कळ दाबली. काही होईना. तोंडाशी आलेलं गिळायची सोय माणसाला जन्मतःच असते. घुमीनं ती यंत्रात ठेवलीच नव्हती. प्रोग्राम बंद करता आला असता. पण मग रांग पुसली जाणार, शेवटची दोन वाक्यंही त्यात जाणार.

मावशीनं संत्री टेबलावर ठेवली आणि दाराशी जाऊन सँडलमध्ये पाय घालायला लागली. आई धडपडत उठली, तिनं मागून मावशीची बाही घट्ट

यंत्र: चालती हो.

धरली.

"वा!" मावशी म्हणाली. "हातानं धरतेस आणि तोंडानं हाकलतेस?"

आता बोलायला घरात एकच माणूस उरलं होतं.

"मावशी," घुमी म्हणाली, "ते जुनं आहे."

"काय जुनं?"

"तुझं ऐकायच्या आधी लिहिलेलं. आवाज मागे पडलाय. लिहिलेलं रांगेत उभं राहतं, पुढचं संपल्याशिवाय मागचं येत नाही. मी तसं केलंय. माझी चूक."

"म्हणजे मनात होतंच ना तिच्या!"

"होतं," घुमी म्हणाली. "मागे उभं आहे तेही मनातलंच आहे."

"मग सांग ना, काय आहे ते."

"मी सांगितलं तर म्हणशील, पोरगी रचून सांगतेय. तू ऐकून जा." घुमीला धाप लागली. एका दमात इतकं ती नोकरीच्या मुलाखतीतही बोलली नव्हती.

यंत्र: तुझ्या सुनेनंसुद्धा फोन केला. तुझ्या!

"तिला मीच करायला लावला होता," मावशी यंत्राला म्हणाली. एक सँडल पायात, एक हातात.

यंत्र: माझ्या निळ्या शालीचं काय झालं? नेलीस ती नेलीस.

"तू दिलीस! स्वतःच्या हातानं दिलीस, ताई!"

आईनं मान जोरात हलवली. नाही म्हणून. बाही सोडली नाही. घुमीच्या लक्षात आलं, की हे आता भांडण राहिलेलं नाही. या दोघी सकाळच्या फोनवर अशाच बोलत असणार.

यंत्र: जाड झालीस.

"आणि तू वाळलीस! बघ जरा आरशात!"

मग आवाज दम खायला थांबला. घुमीनं स्क्रीन बघितला आणि हात वर केला: आता.

यंत्र: लिफ्टपर्यंत आली होतीस तर वर यायचंस ना गं.

यंत्र: मी दाराकडेच बघत होते.

गोड, गार, बातम्या दिल्यासारखं. मावशीच्या हातातली सँडल खाली पडली. ती तिथेच चपलांच्या स्टुलावर बसली, आणि आई, बाही हातात असल्यामुळे, तिच्या शेजारी अर्ध्या स्टुलावर.

"संपलं?" मावशीनं विचारलं.

"रिकामी आहे रांग," घुमी म्हणाली.

आईनं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. तिला काही लिहायचं होतं. उठायला लागली तर मावशीनं तिचा हात दाबून धरला.

"थांब गं बाई जरा! आता माझं ऐक. चार महिन्यांचं माझ्याही पोटात आहे." तिनं नाक ओढलं, घसा साफ केला. "तर आमच्या खालच्या मजल्यावरची ती नाही का, कुत्रेवाली? तिनं काय केलं माहितीये..."