पावडरच्या डब्यातला लसूण

माझ्या अंगाला लसणाचा वास येतोय म्हणून नाक मुरडू नका. मी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा बोलतोय. माझ्यात आणि लसूण, तोही निपाणीतल्या एका जैनाच्या घरात! ऐका तर खरं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याला गोल आकार आला, पोटात पावडर भरली आणि अंगावर ठळक अक्षरांत छापलं, की आईचं दूधच बाळाला सर्वांत चांगलं. पेढ्याच्या खोक्यावर कधी वाचलंय का, याहून घरचे पेढे बरे म्हणून? मला मात्र स्वतःचा कमीपणा जन्मापासून अंगावर वागवावा लागतो. खरंच आहे ते, त्यामुळे रागावणार तरी कुणावर?

सहा वर्षांपूर्वी श्रेयांसनं मला औषधाच्या दुकानातून घाईघाईनं घरी आणलं. त्याची बायको क्षमा बाळंतपणानंतर तापानं फणफणली होती, दूध आटलं होतं आणि तान्ही आरोही भुकेनं टाहो फोडत होती. त्या दिवसांत माझा काय थाट! झाकणावर कुणी धूळ बसू देत नव्हतं. पोरगी बाळसं धरू लागली. पण बघायला आलेल्या बायका बाटलीकडे बघून म्हणायच्या, "डब्यावरची पोर व्हय गं ही?" क्षमाचा चेहरा पडायचा. मी रिकामा झालो तेव्हा मला फेकणं तिच्या जिवावर आलं, पण मी डोळ्यांसमोरही नको होतो. तिनं मला माळ्यावर टाकलं.

आरोही आता चिंचेच्या झाडावर सरसर चढते. तरी ती नुसती शिंकली, की क्षमा स्वतःलाच दोष देत बसते.

यंदा दुसरं बाळ झालं, मुलगा. ह्याला पावडरचा चमचाही द्यायचा नाही, असा क्षमानं निश्चयच केला. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शेपू झाला. दूध यायचं, पण पुरायचं नाही. बाळ ओढून ओढून दमायचं आणि रडतरडतच झोपायचं. वजन वाढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी अंगावर पाजा, मग वरून थोडी पावडर द्या. क्षमा ऐकेना. "ह्यालाबी डब्यावरचा म्हणू देत न्हाय मी," म्हणायची आणि बाळाबरोबर आपणही रडायची.

अशात एका दुपारी तिची सासू पद्मावती स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. बाजारातून पदराखाली आणलेला लसूण माझ्यात भरला आणि झाकण गच्च लावलं. शेजारणींना वास लागायला नको ना! ह्या बाईनं जन्मात लसणाला हात लावला नव्हता. तिच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा शिरत नाही. पण लसणानं दूध वाढतं असं कुणीतरी सांगितलं, आणि ही नाकाला पदर लावून परसातल्या चुलीवर तुपात पाकळ्या परतायला बसली. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

वाटी पुढं येताच क्षमानं वासावरून ओळखलं.

"आत्या, लसूण? तुमचा नेम हाय न्हवं?"

"आता गं काय सांगू! लेकरू उपाशी झोपतंय, तिथं माझा नेम घिऊन काय करू? खा तू."

क्षमा माहेरी लसूण खायची, सासरी आल्यावर तिनं तो सोडला होता. तिला खायची अडचण नव्हतीच. तिनं वाटी हातात घेतली. मग तिनं डोळे पुसले.

"आत्या, मीबी एक नेमच धरून बसले हुते. तुम्ही तुमचा मोडलासा, मीबी मोडते. ह्यांना सांगा, येताना डबा आणा म्हणावं."

संध्याकाळी माझा नवाकोरा भाऊबंद घरात आला. क्षमानं आधी बाळाला अंगावर घेतलं, मग तसंच मांडीवर ठेवून बाटली लावली. आईच्या तोंडाकडे टक लावून ते चुटुचुटू प्यायला लागलं. आरोही जवळ सरकली.

"आई, मीबी बाटलीनंच प्यायचे?"

पद्मावतीनं चटकन सुनेकडे बघितलं.

"व्हय," क्षमा म्हणाली. "अशीच, माझ्या मांडीवर. माझ्याकडं बघत बघत प्यायचीस." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

माझं आता वय झालं. तळाला गंज धरलाय, पुढच्या खेपेला भंगारवाल्याच्या गाड्यावर दिसेन. जाताना एवढीच विनवणी करतो. बाळंतिणीला बघायला जाल तेव्हा बाळाला काय पाजतेस, हे तेवढं विचारू नका. बाळ पोट भरून झोपलं असेल, तर चपला हळूच काढा आणि तिलाही झोपू द्या.