दोन पाण्यांचा स्वयंपाक

तानाबाईनं उकडलेल्या बटाट्यांचं दुसरं पाणी मोरीत ओतलं आणि पातेलं हातातून सुटलं. उचलायला वाकली, तर पायच तिला वर उठू देईनात. सून महामाया धावत आली तेव्हा सासू मोरीच्या कडेला बसून होती आणि काही झालं नाही म्हणत होती. पडली तरी तोरा कायम.

तानाबाईचा नवरा पंजाबराव जाऊन अकरा महिने झाले होते. त्यांच्या किडन्या गेल्या, तेव्हा वरवट बकाल गावात सगळ्यांनी तिथल्या खाऱ्या पाण्यालाच बोल लावला. डॉक्टरांनी त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढतंय म्हणून केळं, नारळपाणी, टोमॅटो बंद केले आणि भाजी दोनदा उकडून पाणी फेकायला सांगितलं. पंजाबराव स्वतःच पथ्याचे पक्के. खाटेवरून रोज विचारायचे, "दोन पाणी झाले काय वं?" अजूनही चूल पेटली की तानाबाईला ते ऐकू येई. ती भिंतीकडे पाहून "हो" म्हणे. अंगावर काटा यायचा, पण उत्तर न द्यायची तिची छाती नव्हती.

महामाया सकाळीच डबा घेऊन अंगणवाडीत कामाला जाई. सासू स्वतःचं वेगळं शिजवते, ही तिला म्हातारपणाची खोड वाटायची.

दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. पोटॅशियम फार खाली गेलं होतं. उलट्या, जुलाब, उपास, सगळं विचारून झालं. तानाबाई मान हलवत राहिली. गोळी कुठली घेता म्हटल्यावर मात्र तिनं कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं. पाय सुजायचे म्हणून ती पंजाबरावांच्या उरलेल्या लघवीच्या गोळ्या रोज घेत होती. चांगली औषधं वाया कशाला घालवायची? नवऱ्यासारखी तीही भाजीची दोन पाणी फेकून खाते, हेही निघालं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. जेवणातून पोटॅशियम मिळत नाही आणि आहे ते गोळी बाहेर काढते, असंच चाललं तर काळीज एक दिवस बंद पडेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या काढून घेतल्या, दोन दिवस सलाईन लावलं आणि घरी पाठवताना कडू औषध दिलं. वर, रोज केळं आणि नारळपाणी.

औषध तानाबाईनं निमूट घेतलं. केळ्याला मात्र ती हात लावीना. घरी आल्यावर तिसऱ्या दुपारी महामायानं केळं सोलून तिच्यापुढे धरलं आणि ती खाईपर्यंत उठणार नाही म्हणून समोर बसली.

"मले नको देऊ," तानाबाई म्हणाली. "म्या त्यायले देल्लं होतं. शेवटच्या दिवशी. कधी मांगत नव्हते, त्या दिवशी लेकरावानी मांगतलं. मले नाही म्हनवलं नाही. पहाटे गेले."

हे तिनं अकरा महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं. आता सून काय म्हणेल याची तिला भीती वाटली. नवऱ्याला मारलं म्हणाली असती, तरी ते तिनं ऐकून घेतलं असतं.

महामायानं पुढे धरलेलं केळं खाली घेतलं.

"मामाजीनं दुपारी मलेही मांगतलं होतं," ती म्हणाली. "म्या त्यायले डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवली. काहीच नाही बोलले. भिंतीकडं तोंड केलं. तेच तोंड मले दिसते, आत्याबाई. अंगनवाडीत लेकरायले खाऊ वाटतानाही दिसते."

तानाबाईनं सुनेकडे नीट पाहिलं. एकाच घरात राहून आपण दोघी हे एकएकटंच कसं सोसत राहिलो, असं तिला वाटलं आणि तिचा जीव कळवळला.

"मंग त्यायनं खाल्लं?" महामायानं विचारलं. "पोटभर?"

"समदं खाल्लं. मले म्हने, अर्धं तू खाय."

"आनं तुमी?"

"म्या म्हटलं, मी मंग खाईन."

महामायानं केळं पुन्हा पुढे केलं. तानाबाईनं तिचा हात मनगटाशी धरला, आपल्या तोंडाकडे ओढला आणि घास घेतला. गिळायला तिला फार वेळ लागला. मग तिनं पुन्हा तोंड उघडलं.