फ्रिजची घरघर

आमचा पहिला अल्बम स्वयंपाकघरात झाला. मी गायचे, धाकटा भाऊ सिंथेसायझर आणि कॉम्प्युटर सांभाळायचा. माझ्या आवाजाखाली आमच्या म्हाताऱ्या फ्रिजची घरघर रेकॉर्ड झाली, ती त्याने आळसाने काढलीच नाही. समीक्षकांनी तिला 'गूढ खर्ज' म्हटलं आणि आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आम्हीही चढलो.

दुसऱ्या अल्बमच्या आधी माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज उतरला, जाडाभरडा झाला. लोक तो ऐकून घेतील का, हीच धास्ती. तरी भाड्याच्या स्टुडिओत मी जीव तोडून गायले. "मस्त झालंय, ताई," धाकटा म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, पण तो तसाही कुणाकडे बघत नाही.

आज रेकॉर्ड कंपनीच्या मॅडमनी तयार अल्बम ऐकायला बोलावलं. पहिलंच गाणं लागलं आणि बाई खूश. "अगं, ऑपरेशन झालंय असं वाटतच नाही! अगदी तोच आवाज!"

तोच होता. त्या आवाजाखाली फ्रिज घरघरत होता. स्टुडिओत फ्रिज नव्हता, आणि आमचा तर कधीच भंगारात गेलाय. माझं गाणं बाजूला सारून या पठ्ठ्याने पहिल्या अल्बमच्या वेळची उरलीसुरली रेकॉर्डिंगं कापून, अक्षराला अक्षर जोडून नवी गाणी शिवली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

"एक ओळ गा ना," मॅडमनी मोबाइल समोर धरला. "लोकांना दाखवू."

गायले असते तर तिथल्या तिथे पितळ उघडं पडलं असतं. पडायलाच हवं होतं. पण मी म्हणाले, "आज घसा बसलाय हो." आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिन्यात धाकटा रडकुंडीला आला. "चुकलं माझं, ताई. तू सांभाळून घेतलंस. आत्ता वर जातो, खरं सांगतो, तुझंच गाणं घालू."

"तुझ्यासाठी नाही रे गप्प बसले," मी म्हणाले. "ऐकताना मलाही तोच आवाज आवडला."

त्यावर निदान "काहीतरीच काय, ताई" म्हणेल, म्हणून मी पायरीवर थांबले. त्याने नाक पुसलं.

"मग राहू दे तोच?"

"राहू दे," मी म्हणाले.