वीतभर अंतर

महेश्वरी बहराच्या दिवसांत झाडाखाली बसायची, उठायची, परत बसायची. सास्तूरच्या शिवारात तिनं लावलेली पीचची साठ झाडं पानं गाळून नुसत्या गुलाबी फुलांनी भरली होती. गेल्या साली अशीच भरली, आणि गर्दीत फळं निघाली लिंबाएवढी. व्यापाऱ्यानं एक दाबून पाहिलं नि म्हणाला, "बाई, याच्या गोट्या खेळा." यंदाही तसंच झालं तर झाडं काढून तूर पेरायची, असं नवऱ्यानं, नंदीशनं, सांगूनच टाकलं होतं.

म्हणून तिनं मोहर विरळायचं औषध आणलं. ते उमललेली फुलं जाळतं. आधीच फळ धरलेली तेवढी राहतात, नि ती पोसतात. मारायचं सकाळच्या गारव्यात, बहर भरात असताना. आणि तो दिवस नेमका वेळ अमावस्येचा, शिवारपूजेचा निघाला.

"आज भुईचे डोहाळे," सासू पार्वतम्मा कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडता मांडता म्हणाली. "पोटुशीला आंबिल पाजायची का जहर गं?"

"अव्वा, ऊन चढलं की ते जादा जाळतंय."

"पूजा तर होऊ दे. तुझी फुलं काय यष्टीला निघालीत व्हय?"

महेश्वरी थांबली. पूजा झाली, पंगत झाली, पिकांवर आंबिल शिंपून झाली. पंप पाठीवर चढला तेव्हा ऊन रणरणत होतं. कोपीजवळचं एक झाड अव्वानं मागून घेतलं. "याला न्हाय मारायचं."

तिसऱ्या दिवशी बाग करपली. गुलाबी होतं ते सारं चहाच्या चोथ्यासारखं झालं. नंदीश बांधावरूनच बघून माघारी फिरला. भाकरी थापताना ती मधेच उठून रानात जायची. काय बघायचं ते तिलाही कळत नव्हतं. परत येईस्तोवर अव्वानं तवा उतरवलेला असायचा.

सोळाव्या दिवशी अव्वाच रानात आली. तिला बारीक दिसत नव्हतं. कणसात दाणा भरलाय का बघावं तशी तिची बोटं जळक्या पाकळ्या चोळत फांदीवरून निघाली. एक फांदी. दुसरी.

"हाय," ती म्हणाली. "वासराच्या कानावानी मऊ हाय."

फळाचा हिरवा मणी. पुढं मोकळी फांदी, मग आणखी एक.

दोघींनी बाग पालथी घातली. उन्हाच्या बाजूची वीसेक झाडं रितीच निघाली.

"म्या थांबवलं तुला," अव्वा म्हणाली.

महेश्वरी नाही म्हणाली नाही. "चाळीस हायत अजून," ती म्हणाली. "तूर न्हाय पेरू देत मी."

अव्वा कोपीजवळच्या आपल्या झाडाशी गेली. तिथं मणी एकाला एक चिकटून गच्च होते. तिनं मूठभर चाचपले.

"ह्ये समदं लिंबंच व्हणार का गं?"

"व्हय."

"ज्वारी इरळताना कधी हात अडला न्हाय माझा." तिनं फांदी खाली ओढली. "किती ठिवायचं?"

"वीतभर अंतरानं एक."

अव्वानं फांदीवर वीत टेकवली, आणि मधले मणी खुडून ओच्यात टाकू लागली.