सासूबाईंच्या नावापुढची हिरवी खूण

बाजारातून येताना सासूबाई दर दोन-चार दुकानांपुढे थांबायच्या. काचेआडची भांडी बघत उभ्या राहायच्या.

"झालं तुझं सुरू! घ्यायचं तर काही नाही," सासरे वैतागायचे.

त्या नुसत्या हसायच्या. पोटरीत गोळा येतो, पाऊल उचलवत नाही, हे सांगण्यापेक्षा हौशी म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटे.

शेवटी सुनेनंच त्यांना दवाखान्यात नेलं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. सुनेचं तर कामच ते. अशाच रुग्णांसाठी ती मोबाइलवरचं अ‍ॅप तयार करत होती. रोज सकाळी त्यातून संदेश जाई: आज दोन्ही पाय नीट बघा, बोट काळंनिळं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. संदेश उघडला गेला की तिच्या पडद्यावर रुग्णाच्या नावापुढे हिरवी खूण उमटे. चाचणीच्या पहिल्याच रुग्णांत तिनं सासूबाईंचं नाव घातलं. नंबर अर्थातच सासऱ्यांचा. बाईमाणसाला वेगळा फोन कशाला, असं त्या घरात कोणी म्हणतसुद्धा नसे, इतकं ते सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

रोज हिरवी खूण दिसे आणि सून निर्धास्त होई.

सासरे वाईट नव्हते. चहा पिता पिता ते संदेश उघडत, "उगाच घाबरवतात लोकांना," म्हणत आणि मित्रांच्या विनोदांकडे वळत.

एका सकाळी सून कपडे गोळा करत होती. "आई, मोजे द्या. मशीन लावतेय."

"राहू दे गं. गार वाटतं पायांना."

पण खोलीत कसलासा वास येत होता. सुनेनं बळेच मोजा उतरवला. अंगठा काळा पडला होता.

"अहो आई, हे कधीपासून? रोज मेसेज येतो ना तुम्हाला?"

"कसला गं मेसेज?"

सुनेनं तो पाय मांडीवर घेतला. "दुखत नव्हतं का?"

"दुखायचं की. पण तू कामात. आणि यांना सांगावं, तर म्हणणार, हिचं रोजचंच."

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दवाखान्याच्या बाकावर सासरे लहान मुलासारखे रडले. "मला वाटलं, सगळ्यांनाच पाठवतात तसलं काहीतरी," एवढंच म्हणत राहिले.

ऑफिसात साहेब मात्र खुशीत होते. "जवळजवळ सगळे संदेश उघडले जातायत! आता सगळ्या रुग्णांसाठी सुरू करून टाकू."

"कोणी उघडले, साहेब?" सुनेनं विचारलं. "बायकांचे संदेश नवऱ्यांच्या, मुलांच्या फोनवर जातात. मीच ते तसं केलंय. बाईच्या स्वतःच्या कानावर पडल्याशिवाय आता एकही खूण हिरवी होणार नाही."

"अहो, तारीख ठरलीय. घरच्यांचा नंबर असतोच की!"

"मग माझ्याशिवाय करा."

साहेबांनी तारीख पुढे ढकलली.

वाचकहो, तुमच्या आईचे, बायकोचे रिपोर्ट कोणाच्या फोनवर येतात? आणि तिला ते कोण सांगतं?

सासूबाईंना आता स्वतःचा फोन आहे. पहिल्या सकाळी तो वाजला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला. आतून सुनेचाच आवाज आला, "आज दोन्ही पाय नीट बघा."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चादर सारखी केली.

"छान बोललीस गं. माझ्यापुरतं तेवढं 'दोन्ही' काढ. बाकीच्या बायकांना राहू दे."