चिंच होती तिथून

यादिराने टॅक्सीचं दार आपटलं आणि सिमोनला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. पोराच्या गालाचा घाम तिच्या खांद्याला चिकटला होता.

"इथंच?"

"इथंच, राणीसाहेब," ड्रायव्हर म्हणाला. "चिंच होती ती इथं. आता दोन चौक तळ्याकडे जायचं, मग एक चौक वर."

समोर गोल चौक, एक बँक, टायरची जाहिरात. झाडाचं पान नव्हतं.

"कुठाय चिंच?"

"पडली की! माझ्या जन्माआधीच."

"अहो, मग जे उभं आहे त्यावरून सांगा ना. ही बँक आहे की."

"बँकेचा काय भरवसा? उद्या उठून जाईल. बाई, भूकंपाचं गाव आहे हे. आम्ही गेलेल्या गोष्टींवरून मोजतो. गेलेलं जागचं हलत नाही."

मागच्या सीटवरची म्हातारी, जिला घ्यायला टॅक्सीने मघाशी अर्ध्या मनाग्वा शहराला वळसा घातला होता, मांडीवरची कोंबडीची टोपली सावरत खिदळली. "परदेशी आहे ती, सोड रे. माझा बाजार उठेल."

"माझी आई इथलीच आहे," यादिरा म्हणाली, पण टॅक्सी पुढच्या गिऱ्हाइकासाठी हॉर्न वाजवत निघूनही गेली होती.

यादिरा राहायची त्या बोगोताला रस्त्यांना आकडे असतात, दारांना आकडे असतात, नवखा माणूससुद्धा नीट पोचतो. निघताना तिने आईला मावशीच्या घराचा नंबरच विचारला होता. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या मेल्बा चिडली होती. "नंबर कसला मागतेस? चिंच होती तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर. तोंड दिलंय ना देवानं? विचार."

उद्या मेल्बाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिला सोकोरोचं, तिच्या थोरल्या बहिणीचं, तोंड फोनवर बघायचं होतं. आजीच्या शिवणयंत्रावरून दोघींनी अबोला धरला तेव्हा यादिरा परकरी वयाची होती. "दार उघडलं की आधी 'यंत्र तुझंच' म्हण," मेल्बाने बजावलं होतं, "आणि मग मला दाखव. उलटं केलंस तर ती दार लावून घेईल. ओळखते मी तिला."

तळं दिसत नव्हतं. फुटपाथवर झुलत्या खुर्च्या मांडून माणसं बसली होती, घरांची सगळी दारं सताड उघडी, आतला टीव्ही रस्त्याला ऐकू येत होता. बनियन घातलेल्या एका म्हाताऱ्याला तिने विचारलं.

"वर म्हणजे कुठे, काका? रस्ता तर सपाट आहे."

"सूर्य येतो ते वर, जातो ते खाली. शाळेत शिकवलं नाही का, पोरी?" तो बाजूच्या खुर्चीकडे हात करत म्हणाला, "बस थोडी. बाळ तापलंय."

"मला वेळ नाहीये!"

"वेळ नाही म्हणते," तो बायकोला म्हणाला, आणि दोघंही कौतुकाने हसली. मग त्याने खुशाल एक दिशा दाखवली. तिथे चालत गेल्यावर एका मुलीने अगदी उलट दाखवली, तीही तितक्याच गोडीने. 'माहीत नाही' एवढा शब्द या शहरात कुणालाच येत नव्हता. बसने भोंगा वाजवला, सिमोन दचकून रडायला लागला, आणि यादिराला वाटलं आपणही त्याच्याबरोबर भोकाड पसरावं.

कोपऱ्यावर एक जाडजूड बाई छत्रीखाली बसून काकाओचं, म्हणजे कोकोच्या बियांचं, थंडगार सरबत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होती. यादिराने एक पिशवी घेतली, कोपरा दातांनी फोडला. थेंबभर बोटावर घेऊन सिमोनच्या ओठांना लावला. तो रडायचा थांबला.

"हावरट आहे गं तुझा लेक. बापावर गेलाय का?"

यादिरा पत्ता विचारायला तोंड उघडणार, इतक्यात गॅसची टाकी बांधलेली मोटरसायकल येऊन थांबली.

"काकी, पिनेदांचं घर कुठं?"

"सोकोरो शिवणवालीपासून अर्धा चौक तळ्याकडे. निळं फाटक."

"बरं." मोटरसायकल पुढे गेली.

"सोकोरो?" यादिरा जवळजवळ ओरडलीच. "अहो, तिलाच तर शोधतेय मी सकाळपासून! माझी मावशी आहे ती. तुमच्या या गावात कुणी नीट सांगेल तर शपथ. कुठलं घर?"

सरबतवालीचा हात थांबला. तिने आधी सिमोनकडे पाहिलं, मग आपल्या बुडाखालचं स्टूल काढून यादिराकडे सरकवलं.

"बस आधी, पोरी."

"नको, मला..."

"बस."

रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड होती. आत दोन पोरं पंक्चर काढत होती, टायरांची उतरंड दाराच्या चौकटीपर्यंत आली होती. चौकट तेवढी जुनी होती, तिला कधीकाळी गुलाबी रंग दिलेला. काकीने त्या चौकटीकडे हनुवटी उचलली आणि छातीवर क्रूस काढला.

यादिरा स्टुलावर बसली. पिशवीतलं सरबत तिच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं.

फोन वाजला तेव्हा तिने तो दोनदा वाजू दिला.

"पोचलीस?" मेल्बा विचारत होती. मागे नर्सच्या ट्रॉलीची चाकं खडखडत होती. "व्हिडिओ का लावत नाहीस? केस विंचरून बसलेय मी. सांगितलंस का तिला यंत्राचं?"

"आई, मी तुझ्या चिंचेपासून चालत आले."

"मग?"

"इथे आता चिंचेचं नाव कुणी घेत नाही." तिने सिमोनचं डोकं छातीशी दाबून धरलं. "सोकोरोमावशीपासून मोजतात."

पलीकडे चाकांची खडखड दूर जात राहिली. पंक्चरवाल्या पोराने हवेचा पंप सुरू केला आणि बंद केला. काकीने न विचारता दुसरी पिशवी भरली, गाठ मारली, आणि यादिराच्या मांडीवर ठेवली.

मग मेल्बाने विचारलं.

"ऊन आहे का गं तिथे?"

"आहे."

"पोराच्या डोक्यावर काहीतरी धर," ती म्हणाली. "आणि तिथंच बस थोडा वेळ."